शेनिन-शिराजच्या छोट्या बॅचसाठी प्रेस: बास्केट, ब्लॅडर की अंबडला बनवून घ्यावा?

कादवाकाठ

मंडळी, नमस्कार. दिंडोरी तालुक्यात आमची बाग आहे. बहुतेक थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, आणि उताराकडचा एक तुकडा वाइनच्या द्राक्षांचा. त्यात शेनिन ब्लाँ जास्त, शिराज थोडी. दरवर्षी सगळा माल वायनरीला जातो. यंदा अडीचशे किलो शेनिन आणि दीडशे किलो शिराज मागे ठेवून आपल्या हाताने वाइन करून बघायची आहे. एवढी वर्षं ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघून माल दिला, पण पुढे त्याचं काय होतं ते स्वतः केल्याशिवाय कळायचं नाही.

परवान्याचं आधीच सांगतो. घरापुरती वाइन करायलाही आपल्याकडे राज्य उत्पादन शुल्कचा परवाना लागतो, हे माहीत आहे. आमचा माल घेणाऱ्या एका छोट्या वायनरीने त्यांच्या परवान्याखाली, त्यांच्याच सेलरमध्ये, त्यांच्या नोंदीत ही बॅच करू द्यायचं कबूल केलं आहे. मात्र त्यांचा द्राक्षं पिळायचा मोठा प्रेस एवढ्याशा मालावर चालत नाही, त्यामुळे प्रेस मी न्यायचा. छोट्या हत्तीत बसला पाहिजे आणि दोघांना उचलता आला पाहिजे.

समोर आहेत ते पर्याय असे. ऑनलाइन मिळणारा इटालियन धाटणीचा लाकडी बास्केट प्रेस, मधोमध स्क्रू आणि वर रॅचेट. दुसरा पाण्यावर चालणारा ब्लॅडर प्रेस, जो पहिल्यापेक्षा बराच महाग पडतो. तिसरा म्हणजे नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमधून स्टीलचा बनवून घ्यायचा आणि त्यावर हायड्रॉलिक जॅक बसवायचा. आमचे काका म्हणतात, रसवंतीचं यंत्र भाड्याने आण, तासाभरात मोकळा होशील.

किती लिटरचा घेऊ? पांढऱ्याला आणि लालला एकच चालेल का? जॅक किती टनाचा लावू?

निफाडकर

रसवंती नको रे भाऊ. उसाच्या रोलरमधून द्राक्षाचं बी फुटतं आणि देठाचा कडवटपणा रसात उतरतो. अंबडला बनवून घे. जॅक मात्र 10 टनाचा लाव. दाब जेवढा जास्त तेवढा चोथा कोरडा, माल वाया जात नाही.

सेलरताई

रसवंतीबद्दल निफाडकर भाऊंशी पूर्ण सहमत, 10 टनाच्या जॅकबद्दल अजिबात नाही. मी दिंडोरी भागातल्या एका वायनरीच्या सेलरमध्ये काम करते. हंगामात न्युमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा प्रेस चालवते, आणि प्लॉटची चाचणी घ्यायची असली की छोट्या बास्केट प्रेसवर हाताने रस काढते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जॅकचा हिशोब. 30 सेंटीमीटर व्यासाच्या बास्केटचं क्षेत्रफळ साधारण 700 चौरस सेंटीमीटर. त्यावर 10 टन टाकले तर दर चौरस सेंटीमीटरला 14 किलो दाब होतो. आमचा न्युमॅटिक प्रेस शेवटच्या फेरीतसुद्धा 2 बारच्या आसपास थांबतो, म्हणजे सुमारे 2 किलो. 14 किलोला आतली जाळीदार पिशवी फाटते, बास्केटच्या पट्ट्या फाकतात आणि बी चिरडलं जातं. बियांत तेल आणि कडू टॅनिन असतं, ते एकदा रसात आलं की काढता येत नाही. 2 टनाचा जॅक पूर्ण ताकदीने लावला तरी याच बास्केटवर 2.8 किलो दाब येतो. तेवढा भरपूर झाला.

रस निघायला त्याला बाहेर पडायची वाट लागते. सुरुवातीलाच जोर लावला तर जाळीजवळचा चोथा दाबून घट्ट होतो, भिंत तयार होते आणि मधला रस आतच कोंडतो. श्रीखंडासाठी दही टांगून ठेवतो तसंच हे. पुरचुंडी पिळली की पाण्याबरोबर दहीही कापडातून बाहेर येतं, टांगून ठेवली तर पाणी आपलं आपण निथळतं. प्रेसवर धार लागेपर्यंत आवळा, हात काढा, धार बारीक होऊ द्या, मग पुन्हा पाव वळसा. धार थेंबांवर आली की दाब सोडा, चोथ्याचा गोळा हाताने मोकळा करा आणि परत भरा. या दुसऱ्या फेरीत जो रस सुटतो तो कितीही मोठ्या जॅकने पहिल्या फेरीत मिळत नाही.

आता पांढरी आणि लाल. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण दोन्हींत प्रेसचं काम वेगळ्या दिवशी येतं. शेनिन तोडणीनंतर लगेच, फार तर थंड ठेवून दुसऱ्या पहाटे पिळायची, आंबवायच्या आधी. मणी टणक, गर सालीला धरून, म्हणजे प्रेसवर खरा ताण शेनिनचा. शिराज आधी सालीसकट आंबते, हप्ताभर किंवा थोडं जास्त, आणि मग प्रेसवर येते. तोवर साली लिबलिबीत झालेल्या असतात आणि बरीचशी वाइन तोटी उघडली की आपोआप निघून येते, तिला आम्ही फ्री रन म्हणतो. दीडशे किलो शिराजमागे प्रेसमध्ये घालायचा ओला चोथा पन्नास किलोच्या आसपास उरेल. म्हणून साइज ठरवताना शिराजचा विचारच करू नका, शेनिनचा करा.

30 सेंटीमीटर व्यास आणि 40 उंचीची बास्केट 28 लिटरची होते. त्यात अख्खे घड भरले तर पंधरा-सोळा किलोच मावतात, कारण घडांमध्ये पोकळी फार. अडीचशे किलोला सोळा-सतरा भरणं झाली आणि एकेका भरण्याला तास-दीड तास जातो. तेवढ्यात रस तपकिरी पडेल. मणी आधी चिरडून घेतले तर फ्री रन लगेच निघून जातो आणि त्याच बास्केटमध्ये दुपटीहून जास्त माल बसतो. चिरडायचे म्हणजे मणी नुसता फुटला पाहिजे, लगदा करायचा नाही. आणि देठ सगळे काढू नका. एखाद-दहावा हिस्सा देठ चोथ्यात राहू द्या, त्यांच्यामधून रसाला वाट मिळते. मात्र हिरवे कच्चे देठ चावून बघा. तोंड आवळत असेल तर कमी ठेवा.

तुमच्या मालाला 40 ते 45 लिटरची बास्केट योग्य. याहून मोठी नको. अर्धवट भरलेली बास्केट नीट दाबली जात नाही. शिवाय व्यास वाढला की तोच दाब द्यायला जोर किती तरी जास्त लागतो, व्यास दुप्पट तर जोर चौपट.

आणखी एक. रस निघत असताना दर थोड्या वेळाने स्टीलच्या पेल्यात धार धरा आणि चाखा. आधीची धार गोड-आंबट, स्वच्छ लागते. पुढे आंबटपणा उतरतो, जिभेच्या मागे तुरटपणा येतो, रंग हिरवटाकडून मातकट होतो. मीटर असेल तर पीएच चढताना दिसेल. आमच्याकडे सुरुवातीला 3.3 असलेल्या शेनिनची शेवटची धार 3.6 च्या पुढे गेलेली मी पाहते. चव बदलली की बादली बदला. तो रस फेकायचा नाही, वेगळा आंबवा, नंतर मिसळायचा की नाही ते ठरवता येतं. निफाडकर भाऊ, चोथा ओला राहिला म्हणून वाईट वाटतं हे मी समजू शकते, शेतकऱ्याचा माल आहे. पण शेवटच्या दोन-तीन लिटरसाठी आधीचे शंभर बिघडवू नयेत.

पाथर्डीफाटा

ताई, छान लिहिलंत. ब्लॅडर प्रेसबद्दल मी सांगतो. माझ्याकडे आहे, वाइनसाठी नाही, द्राक्ष आणि पेरूच्या रसासाठी वापरतो. मधे रबराचा फुगा असतो, त्यात पाणी सोडलं की तो फुगतो आणि माल चहूबाजूंनी जाळीवर दाबला जातो. चोथ्याचा थर पातळ बसतो, दाब सगळीकडे सारखा, हाताला श्रम नाहीत. काम देखणं होतं.

पण पाण्याचा दाब लागतो, 2 बारपर्यंत तरी. आणि इथेच शहरातल्या घरात अडतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी 10 मीटर उंचीवरून आलं तर 1 बार दाब मिळतो. दुमजली बंगल्यात तळमजल्यावर तेवढाही मिळत नाही. मला बूस्टर पंप बसवावा लागला. दादा, तुमच्याकडे शेतावर ठिबक असेल. फिल्टरजवळच्या गेजवर काय दाब दिसतो ते बघा. तिथून नळी जोडता येते, पण मधे व्हॉल्व्ह आणि प्रेसवर सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. पंप सुरू होताना येणाऱ्या झटक्याने फुगा फुटू शकतो.

दुसरी अडचण, माल कमी असेल तर फुगा रिकाम्या जागी जास्त फुगतो आणि तिथेच फाटतो. बास्केट जवळजवळ भरलेलीच हवी. हंगामानंतर फुगा धुऊन, वाळवून, सावलीत ठेवायचा. उन्हाने रबर तडकतं आणि बदलीचा फुगा परदेशातून मागवावा लागतो.

कादवाकाठ

पाथर्डीफाटा दादा, ठिबकच्या गेजवर दीड किलोच्या आसपास दाब असतो, पण वीज कधी रात्रीची तर कधी दिवसाची, पाळीने येते. तोडणी आणि वीज जुळवायची कशी? आणि पिळायचं तर वायनरीत आहे, तिथे माझं ठिबक नाही. ब्लॅडर मनातून काढला.

सेलरताई, तुमच्या उत्तराने अर्धा प्रश्न सुटला. लाकडी की स्टील हे मात्र ठरत नाही. लाकडी बघितला की हात लावावासा वाटतो, पण आपल्या हवेत टिकेल का? आणि तोडणी फेब्रुवारीच्या शेवटी आहे. दुपारी ऊन चांगलंच तापतं.

सेलरताई

लाकडी प्रेस वाईट नाही. बीच झाडाच्या लाकडी पट्ट्यांमधून रस छान निथळतो, फार जुन्या काळापासून वाइन त्यावरच होत आली. प्रश्न आपल्या हवेचा आहे. वर्षातून दोन-तीन दिवस काम आणि बाकी वेळ प्रेस पडून. उन्हाळ्यात पट्ट्या सुकून आकसतात, पावसाळ्यात बुरशी धरतात. वापरायच्या आदल्या दिवशी पाण्यात भिजवून फुगवाव्या लागतात, काम झालं की ब्रशने घासून कडक वाळवाव्या लागतात. लाकडाच्या फटीत रस राहिला तर त्यात ॲसिटिक ॲसिडचे जिवाणू घर करतात, आणि पुढच्या वर्षीच्या वाइनला शिरक्याचा वास येतो. लाकडाला ब्लीचिंग पावडर कधीही लावू नका. क्लोरीन आणि बुरशी एकत्र आली की ओल्या पुठ्ठ्यासारखा एक वास तयार होतो, आणि तो वाइनमधून जात नाही. एवढी निगा दरवर्षी राखणार असाल तर लाकडी जरूर घ्या. बाग सांभाळून जमणार नसेल तर स्टील.

उन्हाचं म्हणाल तर, तुम्ही थॉमसन एक्स्पोर्टला देत असाल तर प्री-कूलिंग तुम्हाला नवीन नाही. शेनिन पहाटे तोडा, क्रेट रात्रभर कोल्ड स्टोरेजला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे थंडगार माल पिळा. थंड रस हवेने लवकर तपकिरी पडत नाही आणि नको ते यीस्ट जागं होत नाही. रस निघत असतानाच केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, थोड्या पाण्यात विरघळवून बादलीत घाला. 100 लिटरला 9 ग्रॅम घातलं की साधारण 50 पीपीएम सल्फर डायऑक्साइड होतो. काटा साधा घरगुती नको, ग्रॅम अचूक दाखवणारा हवा. शिराजला हे दाबताना करायचं नाही, तिचं गणित वेगळं, तुमच्या वायनरीतले लोक सांगतील.

अंबडचा_वेल्डर

आम्ही फूड लाइनचं फॅब्रिकेशन करतो, त्यामुळे माझ्या बाजूने थोडं.

स्टेनलेस स्टील 304 ग्रेडचंच मागा. बाजारात 202 स्वस्त मिळतं, दिसायला सारखंच, आणि चुंबकाने दोघांतला फरक कळत नाही. टेस्टिंग लिक्विडचा थेंब टाकून दाखवायला सांगा, कुठल्याही बऱ्या वर्कशॉपमध्ये बाटली असते. द्राक्षाचा रस आंबट, त्यात सल्फाइट, 202 वर काही हंगामांत डाग पडतात. जोड आर्गन वेल्डिंगचे हवेत, आतून घासून बफ केलेले, म्हणजे रस अडकून राहणार नाही. रसाला लागणारा एकही भाग जीआयचा, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा नको, आंबट रसात जस्त विरघळतं. भांडीबाजारातून हौसेने पितळेची तोटी आणतात लोक, तीही नको. तांबं-पितळ रसात उतरतं.

बास्केटसाठी भोकांचा जाळी-पत्रा मिळतो, पण मी उभ्या पट्ट्यांची करा म्हणेन. भोकांत बी बसतं आणि ब्रशने निघत नाही. दोन पट्ट्यांत 4-5 मिलिमीटर फट ठेवा आणि आत नायलॉनची जाळीदार पिशवी घाला. बास्केट दोन अर्ध्या भागांत करा, पिनांनी जोडलेली. चोथा दाबल्यावर उभ्याने काढायला गेलात तर कंबर मोडेल, पिना काढल्या की दोन्ही भाग बाजूला होतात आणि गोळा सुटा मिळतो.

ताईंचं जॅकचं गणित बरोबर आहे. फक्त फ्रेम जॅकच्या दुप्पट ताकदीची करा, सी-चॅनलची, रंग दिलेली चालेल कारण तिला रस लागत नाही. आणि जॅकखाली काठ असलेली स्टीलची थाळी ठेवा. बॉटल जॅकचं सील कधीतरी पाझरतंच, आणि थाळी नसेल तर तेल थेट रसात.

सटाणा_डाळिंब

हाच प्रेस डाळिंबाच्या रसाला चालेल का? आमच्याकडे डागी माल रसालाच जातो.

सेलरताई

चालेल, पण अख्खं किंवा अर्धं कापलेलं डाळिंब घालू नका, सालीचा कडवटपणा भयंकर असतो. दाणे सोडवून पिशवीत भरा आणि अगदी हलका दाब द्या. थॉमसनसारखी खायची द्राक्षं पिळायची असतील तर उलटी अडचण येते. गर इतका बुळबुळीत की चोथा पट्ट्यांतून घसरतो. त्यात धुऊन उकळलेला भाताचा तूस मूठ-दोन मूठ मिसळा, इगतपुरी-त्र्यंबककडच्या भातगिरणीत मिळेल. किंवा दाबायच्या दोन तास आधी पेक्टिनेज एन्झाइम घाला, गर सैल होतो.

निफाडकर

ताई, 10 टनाचं माझं म्हणणं मागे घेतो. चव बदलली की बादली बदलायची, हे आमच्याकडच्या मनुकेवाल्यांनाही सांगेन, ते रस काढायच्या विचारात आहेत.

कादवाकाठ

काल अंबडला जाऊन आलो. ठरलं ते असं. 304 ची दोन भागांची पट्ट्यांची बास्केट, व्यास 35, उंची 45, म्हणजे 43 लिटर. जॅक 3 टनाचा, म्हणजे पूर्ण दाबाला तीन किलोच्या जवळ. तो पूर्ण लावायचा नाही हे लक्षात ठेवीन. जॅकखाली थाळी, नायलॉनच्या दोन पिशव्या, फ्रेम नटबोल्टची म्हणजे छोट्या हत्तीत आडवी बसेल. खालचं ताट काठाचं, त्याला पुढे स्टीलची तोटी. पायांची उंची एक फूट सांगितली आहे. ड्रॉइंग उद्या पक्कं करणार, कुणाला काही सुचत असेल तर आत्ताच सांगा.

सेलरताई

बास्केट छान. पाय वाढवा, भाऊ. एक फुटावर तोटी आली तर खाली वीस लिटरची बादली बसणार नाही, पसरट पातेलं ठेवावं लागेल आणि दर दहा मिनिटांनी ते उचलून ओतावं लागेल. शेनिनचा रस पातेल्यात पसरला की त्याला हवाही जास्त लागते. जमिनीपासून तोटी दीड-पावणेदोन फुटांवर घ्या, म्हणजे बादली सरळ खाली जाईल. तोटीला बादलीच्या तळापर्यंत जाईल अशी फूड ग्रेड नळी लावा, रस वरून पडून फेसाळणार नाही. ताटाला तोटीकडे थोडा उतार द्यायला सांगा. आणि पाय फ्रेमला पक्के बोल्ट करून जमिनीला टेकणारी पट्टी रुंद ठेवा, कारण भरलेला प्रेस वर जड होतो आणि जॅक दाबताना माणूस एका बाजूने जोर लावतो.

पहिल्या वापराआधी सगळं स्टील गरम पाणी आणि सोड्याने धुवा, मग सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने. बफिंगचा काळा मेणासारखा थर पट्ट्यांच्या कडेला राहतो. पांढऱ्या कापडाने पुसून बघा. कापड स्वच्छ निघेपर्यंत धुवा.